चिमणीचं माप

“नाव?” मी कार्डावरून मान वर न करता विचारलं.

“यमुनाबाई गुल्हाने.”

“तुमचं नव्हे, मांजरीचं.”

“चिमणी.”

टेबलापलीकडे उभा असलेला ठोसर फिसकन हसला. दवाखान्यात जनावरं धरण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि जनावरं आणणाऱ्यांची फिरकी घेण्याचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. “मांजरीचं नाव चिमणी! मंग घरी चिमणी आली तर तिले बोका म्हनसान का, बाई?”

“तुमचं नाव काय हाये, भाऊ?”

“किसन.”

“मंग बासरी कुठी हाये?”

मला हसू आलं होतं. पण अनोळखी बाईसमोर हसावं की नाही हे न कळून मी कार्डावर ‘चिमणी’ लिहिलं, पुढे ‘मादी, वय सहा’ लिहिलं आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं क्रमांक टाकला: तेवीस.

ही अमरावतीची गोष्ट. छत्तीस वर्षं झाली तिला. धर्मादाय संस्थेचा तो जनावरांचा दवाखाना आता तिथं नाही. मी तेव्हा चाळिशीचा होतो. गणित घेऊन बी. एस्सी. झालो होतो आणि त्या गणिताचं पुढे काहीही केलं नव्हतं. सकाळी एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो. पुस्तकाच्या मागे उभं राहिलं की लोक आपल्याकडे बघत नाहीत, म्हणून ते मला मानवलं होतं. डॉक्टर देवपुजारी तिथं यायचे. एकदा त्यांनी संख्याशास्त्रावरचं एक जाडजूड पुस्तक मागितलं, तेव्हा ते माझ्याच टेबलावर उघडं पडलेलं होतं. “हे तुम्ही वाचता?” त्यांनी विचारलं. “चाळतो,” मी म्हणालो. खरं तर दोनदा वाचून झालं होतं. त्यांनी मला दुपारच्या वेळी दवाखान्यात बोलावून घेतलं.

डॉक्टरांच्या उजव्या हाताला कंप होता. त्यामुळे सुरी सुटली होती आणि बारीक मोजमापही करता येत नव्हतं. डोकं मात्र लख्ख होतं. कुत्र्यामांजरांच्या अंगावरच्या गाठी किती दिवसांत दुप्पट होतात, या एका प्रश्नानं त्यांना झपाटलं होतं. प्रश्न पुस्तकी नव्हता. घारपुरे नावाचे शस्त्रक्रियेचे डॉक्टर दर शनिवारी नागपूरहून यायचे आणि दोनच जनावरं टेबलावर घ्यायचे. वाट बघणारी वीस-पंचवीस असायची. पूर्वी ज्याचा मालक जास्त आरडाओरडा करील त्याचं कुत्रं आधी जायचं. देवपुजारींनी ते बंद केलं. गाठ आज मोजायची आणि दोन आठवड्यांनी त्याच वारी, बुधवारी, पुन्हा मोजायची. लांबी, रुंदी आणि पुन्हा रुंदी यांचा गुणाकार करून निम्मा केला की गाठीचं आकारमान मिळतं. दोन मापांवरून वेग निघतो. पंधरा दिवसांच्या आत दुप्पट होत असेल तर येता शनिवार. महिन्याहून जास्त लागत असेल तर तिसऱ्या मापापर्यंत थांबायचं. कोणाची ओळख नाही, कोणाचा वशिला नाही. पद्धत न्याय्य होती. मला आजही ती न्याय्यच वाटते.

मोजणारा मी होतो.

ठोसरनं चिमणीला उताणी केलं. पांढरी मांजर, कानाशी आणि शेपटीला काळी. यमुनाबाईंनी तिचं डोकं आपल्या पदराखाली घेतलं आणि तिच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिल्या. मी पोटावरचे केस बाजूला केले. आचळाजवळ गाठ होती. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे दोन्ही बाजूंनी टेकवले आणि वाचलं, “लांबी सोळा. रुंदी बारा.”

“मिलिमीटर ना जी?” यमुनाबाईंनी विचारलं.

मी चमकून पाहिलं. पन्नाशीच्या बारीक बाई. गळ्यात शिंप्याचा टेप होता, तो काढायचा त्या घरून निघताना विसरल्या असाव्यात. अंबागेटाजवळ एका खोलीत त्या ब्लाउज शिवायच्या. हे त्यांनीच सांगितलं. नवरा गेल्यावर त्या खोलीत मशीन आणि चिमणी, दोघीच उरल्या होत्या.

“आधी तांदळाएवढी लागली हाताले,” त्या म्हणाल्या. “मंग तुरीएवढी झाली. आता बोराएवढी हाये. येत्या शनिवारी काढून टाका ना साहेब.”

डॉक्टर तोवर येऊन उभे राहिले होते. ते खोटं बोलत नसत. “बाई, मांजरीच्या आचळाची गाठ सहसा चांगली नसते. लहान असताना निघाली तर मांजर पुष्कळ जगतं. सुपारीहून मोठी झाली तर काढूनही उपयोग होत नाही. पण पुढे रांग आहे. दोन आठवड्यांनी या. जोरात वाढत असेल तर त्याच शनिवारी टेबलावर घेतो. माझा शब्द.”

“आन् जोरात नसन वाढत तर?”

“तर मग घाई कशाला?”

त्या जरा विचार करून म्हणाल्या, “हे बी खरंच.” दवाखान्याचा एक तारेचा पिंजरा आम्ही लोकांना वापरायला द्यायचो. तो त्यांना दिला आणि त्या चिमणीला घेऊन गेल्या.

मधल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका बँक मॅनेजरच्या अल्सेशियनच्या खांद्यावर गाठ होती. कॅलिपरवर रुंदी आली होती चोवीस. मी कार्डावर २४ लिहायच्या ऐवजी ४२ लिहिले. दोन आकडे उलटे पडले, इतकंच. पण रुंदी हिशेबात दोनदा येते, त्यामुळे ती गाठ आठ-नऊ दिवसांत दुप्पट झालेली दिसली. कुत्र्याला शनिवारचं टेबल मिळालं. घारपुऱ्यांनी उघडून पाहिलं तर चरबीचा निरुपद्रवी गोळा, वर्षभर होता तेवढाच असणार. त्या शनिवारी ज्या बिचाऱ्या गावठी कुत्रीचा नंबर होता ती आठ दिवस मागे पडली.

घारपुरे हात धुताना माझ्याकडे बघून म्हणाले, “हुद्दार, तुमच्या हातात जादू आहे हो. लोकांच्या हातानं गाठी बसतात, तुमच्या हातानं वाढतात!”

ठोसर मोठ्यानं हसला. डॉक्टरही हसले. मी पण हसलो. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, अगदी मायेनं सांगितलं, “माणूस आहे, चुकतो. पण एक लक्षात ठेवा. कॅलिपरवर आलेला प्रत्येक आकडा लिहून टाकायचा नसतो. आकडा शहाणा आहे का, ते आधी बघायचं. शंका आली तर पुन्हा मोजायचं.”

“होय,” मी म्हणालो.

त्यानंतर ठोसर मला ‘गाठवाढे साहेब’ म्हणू लागला. वाचनालयातसुद्धा एकानं त्या नावानं हाक मारली. ते तिथवर कसं पोचलं कोण जाणे. रात्री डोळे मिटले की ४२ दिसायचे. दुसरा कोणी असता तर आठ दिवसांत विसरला असता. माझा स्वभावच असा की कोणी माझी चूक काढली तर मला बरोबर केलेलंही चुकलेलं वाटू लागतं.

दुसऱ्या मापाच्या बुधवारी यमुनाबाई दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या.

“वाढली जी,” त्यांनी मला पाहताच सांगितलं. “मी घरी बी माप घेतलं.” आणि त्यांनी ब्लाउजमधून वर्तमानपत्राच्या कागदाची एक घडी काढली. बोटभर रुंदीची पट्टी होती. कडेला कात्रीनं बारीक चिरा पाडलेल्या. टेप नव्हता तेव्हा जुने शिंपी असंच माप घेत. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पट्टी, छातीला एक चीर, कमरेला एक. “हे पाहा, ह्या टोकापासून हे पयल्या दिवशीचं. इथून गेली आन् घरी जाऊन लावली पट्टी. हे मागच्या बुधवारचं. आन् आता—”

“मांजरीले ब्लाउज शिवून रायल्या का, बाई?” ठोसर म्हणाला. “काठाचा शिवजा. हळदीकुंकवाले जाईन ते.”

“तुमच्या मायले शिवतो आधी,” यमुनाबाई म्हणाल्या. “साहेब, पाहा ना.”

“आत चला,” मी म्हणालो. “आपल्याला कॅलिपरनंच घ्यावं लागतं.” पट्टी त्यांनी परत घडी करून ठेवली.

चिमणी आता ठोसरच्या हातात नीट पडून राहीना. मी कॅलिपर लावला. तो बरोबर बसला नाही असं मला वाटलं, म्हणून काढला. पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला.

“दाबू नका जी, दुखते तिले.”

“झालंच,” मी म्हणालो. “लांबी अठरा. रुंदी तेरा.”

“साहेब, पयले तर—”

“ते धरायचं नाही,” मी जरा घाईनं म्हणालो. “मांजर हललं होतं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चिमणीचं तोंड पदराखाली घेतलं.

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हिशेब केला. सोळा-बारावरून अठरा-तेरावर. चौदा दिवसांत आकारमान जेमतेम सव्वा ते दीडपटीच्या मधे कुठेतरी. दुप्पट व्हायला पस्तीस दिवस. मी कागद डॉक्टरांच्या पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला आणि यमुनाबाईंना म्हणाले, “चांगली बातमी आहे. सावकाश वाढते आहे. तिसऱ्या मापापर्यंत थांबायला हरकत नाही.”

“पन हाताले मोठी लागते जी.”

“हाताला तसं वाटतं. आपल्या जिवातलं माणूस आजारी असलं की रोज जास्तच आजारी दिसतं की नाही?”

“ते खरं. पन येत्या शनिवारी जागा नाई का एक?”

“जागा आहेत दोनच. आणि दोन कुत्री अशी आहेत की त्यांची गाठ दहा-बारा दिवसांत दुप्पट होते. त्यांना मागे ठेवून तुमची घेऊ? तुम्हीच सांगा.”

यमुनाबाईंनी चिमणीचं डोकं कुरवाळलं. मग म्हणाल्या, “नाई. ते बी कोनाचे तरी हायेतच.” आणि माझ्याकडे वळून, “तुमी नीट मोजलं ना, साहेब?”

“तीनदा मोजलं,” मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं.

तिसरं माप चौदा दिवसांनी घ्यायचं होतं. त्या बुधवारी पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला जनावरांचा दवाखाना बंद असतो असं नाही, उलट त्या दिवशी बैलांचीच गर्दी असते. शिंगांना लावलेला रंग डोळ्यांत गेलेला, झुलीच्या सुतळीनं मान कापलेली, गर्दीत बैल बिथरलेला. डॉक्टर दिवसभर त्यातच होते. मोजमाप पुढच्या बुधवारावर गेलं. एकवीस दिवस झाले.

यमुनाबाई पिंजरा छातीशी धरून आल्या. टेबलावर ठेवला तेव्हा चिमणी उठली नाही. ठोसरनं तिला उचललं आणि या खेपेला तो काहीही बोलला नाही. गाठीवरची कातडी फुटली होती. वास येत होता. मांजर तोंड उघडून श्वास घेत होती.

मी कॅलिपर लावला. एकदाच लावला. “छत्तीस,” मी म्हणालो. “रुंदी अठ्ठावीस.”

डॉक्टरांनी डाव्या हातानं चिमणीच्या काखेत चाचपलं. बराच वेळ चाचपलं. छातीला नळी लावून ऐकलं. “काखेत गाठी आल्यात,” ते म्हणाले. “छातीतही गेलंय. आता सुरी लावून तिला त्रासच होईल, बाई. मला फार वाईट वाटतं.”

यमुनाबाईंनी मान हलवली. त्यांनी बहुधा घरीच ओळखलं होतं.

मग डॉक्टरांनी कार्ड उचललं. सोळा. अठरा. छत्तीस. त्यांनी ते खिडकीशी नेलं, परत आणलं. त्यांच्या कंप पावणाऱ्या हातात कार्ड फडफडत होतं. “हुद्दार,” ते म्हणाले, “हिशेब करा बरं. दुसऱ्या मापापासून किती पट?”

मी केला. “नऊपट. थोडं जास्तच.”

“एकवीस दिवसांत! म्हणजे सहा-साडेसहा दिवसांत दुप्पट. आणि त्याआधी पस्तीस!” त्यांचा आवाज चढला. “गाठ निजली होती हो. निजली होती आणि अचानक उठली. याचा अर्थ कळतो का तुम्हाला? आजवर आपण समजत होतो की वेग हळूहळू बदलतो. इथं सुप्त काळ आहे, आणि मग एकदम उसळी! अशी तेवीस नंबरसारखी आणखी चार सापडली तर...”

“म्हंजे चांगलं हाये का जी?” यमुनाबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, काहीतरी इलाज निघाला.

डॉक्टर भानावर आले. “नाही, बाई,” ते ओशाळून म्हणाले. “तिच्यासाठी नाही.”

मी तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं. मला आठवतं, मी “सर, ते दुसरं माप कदाचित...” इथवर आलोही होतो.

“कदाचित काय?”

डॉक्टर बघत होते. ठोसर बघत होता. यमुनाबाईसुद्धा बघत होत्या, सगळ्यांपेक्षा जास्त त्याच.

“काही नाही,” मी म्हणालो.

हिवाळ्यात नागपूरला पशुवैद्यांची परिषद भरली. डॉक्टरांनी निबंध वाचला. मी अगदी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो होतो. पडद्यावर तेवीस क्रमांकाचा आलेख दिसला. आधी जवळजवळ आडवी रेघ, मग भिंतीसारखी वर गेलेली. आणखी चार तशी सापडली नव्हती. एकच होती. पण एकच होती म्हणून ती जास्त उठून दिसत होती. लोकांनी प्रश्न विचारले. एका वयस्क प्राध्यापकांनी, “माप चुकलं असण्याची शक्यता?” असं विचारलं.

“माझे सहायक श्री. हुद्दार,” डॉक्टर म्हणाले, “शंका आली तर एक माप तीनदा घेतात. हुद्दार, जरा उभे राहा.”

मी खांबाच्या आडून उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच. पुढे निबंध छापून आला, तेव्हा खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं: अचूक मोजमापाबद्दल आभार.

परिषदेहून परतल्यावर पहिलाच बुधवार होता. बाहेर बाकावर कुत्री घेऊन माणसं बसली होती. डॉक्टर आतल्या खोलीत कोणाला तरी नागपूरची हकिगत सांगत होते आणि मधूनमधून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. यमुनाबाई दारात आल्या. हातात दवाखान्याचा पिंजरा, घासूनपुसून लख्ख केलेला.

“हा द्यायचा राहून गेला होता,” त्या म्हणाल्या. “हिंमतच नाई झाली इकडे यायची.”

“कधी...” मी विचारलं.

“इथून नेली त्याच्या नवव्या दिवशी. मशीनीखाली जाऊन बसली होती. तिथंच गेली.”

मी पिंजरा घेतला. पुस्तकांत अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात. मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

त्यांनी ती कागदाची घडी काढून टेबलावर पसरली. पट्टी आता मळली होती. कडेला सहा चिरा होत्या. एकीपासून दुसरी जरा लांब, दुसरीपासून तिसरी आणखी जरा लांब, अशा चढत गेलेल्या. त्यांत कुठेही काही निजलेलं नव्हतं आणि काही उठलेलं नव्हतं.

“दर बुधवारची हाये,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरसाहेबाले दाखवू का? त्यायच्या कामी येईन. म्हंजे पुढच्या कोनाच्या मांजरीच्या.”

आतून डॉक्टर मोठ्यानं हसले. दार अर्धवट उघडं होतं.

“घरी घेतलेलं माप शास्त्रात धरत नाहीत, बाई,” मी म्हणालो.

“काहून?”

“कागद आहे. ओढला जातो, ताणला जातो.”

“टेप ताणते जी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कागद नाई ताणत. फाटन, पन ताननार नाई. म्हनून तर आमचे सासरे पट्टीवर माप घेत.”



त्यांनी तिसऱ्या चिरेवर बोट ठेवलं. “हे त्या दिवशीचं. दुसऱ्या मापाचं. साहेब, मले आकडे वाचता येतेत. तीस वर्षं टेप वाचून रायली मी. तुमी पयल्यांदा लावलं तवा त्या सांडशीवर बावीस होते. मी पाह्यलं.”

“हो,” मी म्हणालो.

“मंग अठरा काहून लेहलं?”

मी उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर मला माहीत होतं. बावीस आले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ४२ उभे राहिले. चौदा दिवसांत इतकी गाठ वाढेल कशी? मीच चुकलो असणार. मी नेहमीच चुकतो. आकडा शहाणा नाही. म्हणून मी पुन्हा लावला आणि जबडे थोडे जवळ आणले. मांजराची गाठ म्हणजे काही गारगोटी नव्हे. कातडी असते, खाली चरबी असते, दाबलं की ती आत जाते. वीस झाले. आणखी थोडं दाबलं. अठरा झाले तेव्हा माझ्या मनाला पटलं. रुंदीचंही तसंच केलं. बावीस-सतरा लिहिलं असतं तर दुप्पट व्हायला दहा दिवससुद्धा लागत नव्हते. चिमणीला त्याच शनिवारचं टेबल मिळत होतं. डॉक्टरांनी शब्द दिला होता.

यातलं काही मी बोललो नाही. मी म्हणालो, “मांजर हललं होतं.”

त्या रडल्या असत्या किंवा आतल्या खोलीत जाऊन ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण त्यांनी फक्त पदर सावरला.

“एखांदी नवी पोरगी येते शिकाले,” त्या म्हणाल्या, “तवा मी तिले पयल्या दिवशी एकच सांगतो. माप घेतांना दाबायचं नसते. अंगाले टेकवायचं नुसतं. बाई म्हनते, जरा बारीक घे वं. तरी दाबायचं नाई. दाबलं का माप छान येते जी. कपडा तोकडा होते.”

आणि त्या गेल्या. पट्टी टेबलावरच राहिली.

“कोण होतं हो?” डॉक्टरांनी आतून विचारलं.

“पिंजरा परत करायला आल्या होत्या.”

“कोणता नंबर?”

“तेवीस.”

“अरे वा! आपला तेवीस!” डॉक्टर पाहुण्याला म्हणाले. “हाच तो. मी म्हणत होतो ना!”

मी पट्टी उचलली आणि कॅलिपरच्या दांडीला लावली. तिसरी चीर बावीसवर आली. बरोबर बावीसवर, ना केसभर इकडे ना केसभर तिकडे. मी दार बघितलं. पाच पावलं होती. मी पट्टीची घडी केली आणि खिशातल्या पुस्तकात ठेवली.

“गाठवाढे साहेब,” ठोसर हाक मारत होता, “हे पाहा, पुढचं आनलं.” एक म्हातारं, पिवळं कुत्रं होतं. त्याचा मालक शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. पहिल्या मापाच्या वेळी कुत्र्याच्या मांडीवरची गाठ बावीस होती, कार्डावर लिहिलेलं होतं. ठोसरनं कुत्र्याला आडवं केलं. मी केस बाजूला केले आणि कॅलिपर टेकवला.

एकोणतीस.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. मालकही बघत होता. त्याला वाचता येत नसावं.

मग मी कॅलिपर काढला, आणि पुन्हा लावला.